नाव हेमाडपंतांचे, देवळे कोणाची?

यवतमाळ शहराला लागूनच असलेल्या लोहारा येथील कमलेश्वराचे शिवमंदिर ‘हेमाडपंती’ म्हणून ओळखले जाते. लोहाऱ्याचेच कशाला, चुना न वापरता काळ्या दगडात रचलेले जुने देऊळ विदर्भात कोठेही दिसो, पुजाऱ्यापासून रस्त्यावरच्या फलकापर्यंत सर्वत्र हाच एक शब्द ऐकायला आणि वाचायला मिळतो. मराठवाडा, खानदेश, नाशिक-नगरचा पट्टा, येथेही तीच स्थिती. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशातील शेकडो देवळे एकाच माणसाच्या नावावर जमा होण्याचे दुसरे उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. हा माणूस गवंडी नव्हता, शिल्पी नव्हता, राजाही नव्हता. तो देवगिरीच्या यादवांच्या दरबारातील एक उच्चपदस्थ अधिकारी आणि विलक्षण व्यासंगी ग्रंथकार होता. देवळांशी त्याचा संबंध होता, यात शंका नाही. मात्र तो संबंध छिन्नी-हातोड्याचा नव्हे, पोथीचा होता.

हेमाद्री पंडित हे त्यांचे मूळ नाव. लोकांनी त्याचे ‘हेमाडपंत’ केले. आपल्या घराण्याची माहिती त्यांनी स्वतःच्या ग्रंथांतून दिली आहे. वत्स गोत्र, वडिलांचे नाव कामदेव, आजोबांचे वासुदेव आणि पणजोबांचे वामन. यादव राजा महादेव याच्या कारकिर्दीत, म्हणजे १२६१ ते १२७१ या दशकात, ते ‘श्रीकरणाधिप’ या पदावर होते. राज्याचा पत्रव्यवहार, दानपत्रे, हिशेब आणि दफ्तर यांचा प्रमुख अधिकारी, असा या पदाचा अर्थ आजच्या भाषेत सांगता येईल. राजाच्या तोंडून निघालेली आज्ञा कागदावर किंवा ताम्रपटावर उतरेपर्यंत ती ज्या हातांतून जाते, त्या सर्व हातांवर देखरेख करणारा हा माणूस. राजाच्या हत्तीदळाचा कारभारही त्यांच्याकडे होता.

महादेवाच्या मृत्यूनंतर देवगिरीत जे घडले, त्यातून हेमाद्रींच्या स्थानाची कल्पना येते. महादेवाचा मुलगा अम्मण गादीवर बसला. परंतु गादीवर आपला हक्क मानणाऱ्या चुलतभावाने, रामचंद्राने, अल्पावधीतच त्याला पदच्युत केले. अम्मणाचे डोळे काढण्यात आले. अशा सत्तांतरात आधीच्या राजाच्या विश्वासातील अधिकाऱ्यांचे काय होते, हे इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते. हेमाद्रींच्या बाबतीत मात्र तसे झाले नाही. रामचंद्राच्या कारकिर्दीच्या आरंभीच, १२७२ मध्ये दिलेल्या ठाण्याच्या ताम्रपटात त्यांचे नाव अधिकारारूढ मंत्री म्हणून येते. राजा बदलला तरी दफ्तर बदलत नाही, हा अनुभव तेव्हाही नवा नसावा. याच ताम्रपटाच्या आधारे झाडीमंडळ, म्हणजे पूर्व विदर्भाचा जंगली मुलूख, काबूत आणण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. पंढरपूरचा प्रसिद्ध ‘चौऱ्याऐंशीचा शिलालेख’ १२७३ ते १२७७ या काळातील. विठ्ठलाच्या देवळासाठी देणग्या देणाऱ्यांच्या त्या यादीत राजा रामचंद्रदेवाबरोबर हेमाडी पंडितांचेही नाव आहे. देवळाशी त्यांचा संबंध दाखवणारा हा दगडावरचा पुरावा आहे. पण तोही देणगीदाराचा आहे, बांधणाऱ्याचा नाही.

मग शेकडो देवळांचे श्रेय त्यांच्याकडे आले कसे? लोककथेकडे याचे उत्तर तयार आहे. हेमाडपंत वैद्य होते. लंकेचा राजा बिभीषण आजारी पडला, त्याला त्यांनी बरे केले आणि बक्षीस म्हणून राक्षस कारागीर मागून आणले. त्या राक्षसांनी एकेका रात्रीत एकेक देऊळ उभे केले. मोडी लिपीही त्यांनी लंकेहूनच आणली, असे सांगितले जाते. कथा गमतीची आहे, परंतु तिच्यात सत्याचा एक धागा आहे. हेमाद्री खरोखरच वैद्यकाचे जाणकार होते. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथावरील त्यांची ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका आजही आयुर्वेदाच्या अभ्यासकांना परिचित आहे. मोडीचा संबंधही त्यांच्या दफ्तराशी सहज जोडला गेला असणार. लोकांनी अधिकाऱ्याचे सगळे गुण लक्षात ठेवले आणि त्यांना राक्षसांची जोड दिली, इतकेच.

पुराव्यांकडे वळले की चित्र पालटते. अंबरनाथचे शिवमंदिर हेमाडपंती म्हणून सर्रास सांगितले जाते, पण तेथील शिलाहारकालीन लेख १०६० चा आहे, म्हणजे हेमाद्रींच्या सुमारे दोनशे वर्षे आधीचा. अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळीच्या देवळातील लेख शके १०९८, म्हणजे ११७६ चा. गंमत अशी की या लेखात हेमाद्रिदेव नावाच्या एका स्थानिक सत्ताधीशाचा उल्लेख येतो. नाव तेच, माणूस वेगळा आणि काळही जवळजवळ शतकभर आधीचा. खुद्द यवतमाळ जिल्ह्यात, पुसदच्या बाजूला डोंगरगाव येथे शके १०३४ म्हणजे १११२ चा शिलालेख मिळाला असून तो परमार वंशातील जगद्देवाच्या काळातला आहे. माळव्याच्या परमारांचा हा राजपुत्र दक्षिणेत चालुक्यांच्या आश्रयाला आला आणि या भागावर त्याने सत्ता गाजवली.

हा जगद्देव आपल्या विषयात उगाच आलेला नाही. ज्या मंदिरशैलीला आपण हेमाडपंती म्हणतो, तिच्यातील शिखराच्या उत्तम नमुन्यांना शिल्पशास्त्रात ‘भूमिज’ असे नाव आहे. मुख्य शिखराच्या चार बाजूंना खालून वर चढत जाणाऱ्या पट्ट्या आणि त्या पट्ट्यांच्या मधोमध लहान लहान शिखरांच्या रांगा, ही तिची खूण. धारच्या भोज परमाराच्या नावावरील ‘समरांगणसूत्रधार’ या अकराव्या शतकातील ग्रंथात भूमिज मंदिरांचे वर्णन आहे आणि मध्य प्रदेशातील उदयपूरचे उदयेश्वर मंदिर हा या शैलीचा नामांकित नमुना त्याच शतकातला. म्हणजे माळवा, विदर्भ, खानदेश आणि कोकण यांच्यात कारागिरांची ये-जा हेमाद्रींच्या पणजोबांच्या काळापूर्वीच सुरू झालेली होती. पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी दख्खनमधील मध्ययुगीन मंदिरांवरचा आपला ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध केला. चुन्याविना बांधलेल्या कोणत्याही जुन्या देवळाला लोक हेच नाव देतात, हे त्यांच्याही ध्यानात आले होते. तरीही नाव टिकले ते टिकलेच.

हेमाद्रींचे खरे बांधकाम म्हणजे ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा प्रचंड संस्कृत ग्रंथ. व्रत, दान, तीर्थ, मोक्ष आणि परिशेष अशा पाच खंडांची त्याची योजना होती. पुराणे, स्मृती आणि आगम यांतील विखुरलेली वचने गोळा करून त्यांनी विषयवार लावली. दफ्तर सांभाळणाऱ्या माणसाची शिस्त पानोपानी जाणवते. कोणते व्रत कोणत्या तिथीला, त्यासाठी कोणत्या देवाची मूर्ती कशी करावी, किती वजनाची, हातात काय असावे, पूजेनंतर ती कोणाला द्यावी, अशी शेकडो व्रतांची नोंद व्रतखंडात आहे. ‘विष्णुधर्मोत्तर’सारख्या ग्रंथांतील मूर्तिलक्षणे त्यांनी तेथे उद्धृत केली. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदू मूर्तिशास्त्राचा आधुनिक पद्धतीने अभ्यास सुरू झाला, तेव्हा अभ्यासकांच्या हाती असलेल्या साधनांमध्ये व्रतखंड महत्त्वाचे होते, ते यामुळेच.

विष्णूच्या चोवीस मूर्तींचे उदाहरण घेतले तर या ग्रंथाचा उपयोग समजतो. शंख, चक्र, गदा आणि पद्म ही चार आयुधे चार हातांत वेगवेगळ्या क्रमाने दिली की नेमके चोवीस प्रकार होतात, एकही जास्त नाही, एकही कमी नाही. केशव, नारायण, माधव अशी संध्येत घेतली जाणारी जी चोवीस नावे, तीच या मूर्तींची. खालच्या उजव्या हातापासून सुरुवात करून वर आणि मग डावीकडून खाली यावे. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला तर तो केशव. दोन आयुधांची अदलाबदल झाली की देव तोच, पण नाव दुसरे. काही मूर्तींच्या बाबतीत ग्रंथाग्रंथांत मतभेद आहेत आणि तेथे हेमाद्रींनी दिलेला क्रम अभ्यासकांना पडताळणीसाठी लागतो. विदर्भातील देवळांच्या भिंतींवर आणि संग्रहालयांत उभ्या असलेल्या विष्णुमूर्तींकडे पाहताना प्रेक्षक बहुधा मुकुट आणि दागिने पाहून पुढे सरकतो. आयुधांचा क्रम वाचता आला तर तीच मूर्ती स्वतःचे नाव सांगू लागते.

मात्र येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. व्रतखंडातील मूर्ती बहुतेक वेळा सोन्याची, लहान, एका दिवसाच्या पूजेपुरती आणि पूजेनंतर ब्राह्मणाला दान करायची असते. हा ग्रंथ व्रत करणाऱ्या संपन्न गृहस्थासाठी होता. देऊळ घडवणाऱ्या सूत्रधाराकडे स्वतःची शिल्पशास्त्रे होती आणि त्याहून अधिक म्हणजे बापाकडून मुलाकडे आलेले हातचे ज्ञान होते. हेमाद्रींनी देवळांना चिन्हे दिली नाहीत. देवळांत आणि पोथ्यांत आधीपासून वावरणाऱ्या चिन्हांची त्यांनी नोंदवही केली.

त्या नोंदवहीत एक नोंद अशी आहे, की ती वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. वराहपुराणाच्या आधारे त्यांनी बुद्धद्वादशीचे व्रत दिले आहे. श्रावण शुद्ध द्वादशीला बुद्धाची सुवर्णमूर्ती करून तिची पूजा करावी आणि ती दान द्यावी, असे हे व्रत. शुद्धोदनाने ते केले म्हणून विष्णू त्याच्या पोटी बुद्धरूपाने जन्मला, अशी त्यामागची कथा. मत्स्य, कूर्म, वराह अशा अवतारांच्या द्वादशींच्या मालिकेत ही द्वादशी येते. बौद्धांना ही मांडणी मान्य असण्याचे कारण नाही आणि तिच्यात सामावून घेण्याइतकाच झाकून टाकण्याचाही भाग आहे, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. तरीही तेराव्या शतकात, महाराष्ट्रातील बहुतेक बौद्ध लेणी ओस पडलेली असताना, देवगिरीच्या एका कर्मठ ब्राह्मण मंत्र्याच्या ग्रंथात बुद्धाची सोन्याची मूर्ती पूजेला बसते, ही वस्तुस्थिती उरतेच.

दगडात तर हा धागा अधिक ठळक आहे. हेमाडपंती म्हटल्या जाणाऱ्या देवळापाशी सावकाश थांबले तर बौद्ध लेण्यांतून चालत आलेल्या कितीतरी गोष्टी दिसतात. जोत्यावरची हत्तींची रांग, म्हणजे गजथर, औरंगाबादजवळच्या पितळखोऱ्यात विहाराच्या जोत्यावर इसवी सनापूर्वीच कोरली गेली होती. खांबांच्या माथ्याशी तुळयांचा भार पेलणारे, पोट सुटलेले बुटके पुरुष हे यक्षांचेच वंशज आणि यक्ष तर पितळखोऱ्यात, भाज्यात, अजिंठ्यात सर्वत्र आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांब घटातून वर उगवतात. तोच पूर्णघट पुढे देवळांच्या खांबांवर पानाफुलांसह भरून वाहतो. कार्ल्याच्या स्तंभशीर्षात कोंडलेला आवळ्याच्या आकाराचा आमलक देवळाच्या शिखरावर मोकळा झाला. सर्वांत बोलके उदाहरण चैत्यगवाक्षाचे. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर उजेडासाठी ठेवलेली घोड्याच्या नालासारखी कमान लहान लहान होत शिखरावरची नक्षी बनली. भूमिज शिखराच्या दर्शनी बाजूला जी मोठी कमानदार चौकट असते आणि जिच्यात शिवाची मूर्ती विराजमान दिसते, तिचे मूळ या चैत्याच्या खिडकीत आहे. उजेड आत यावा म्हणून केलेली खिडकी देवाने बाहेर पाहण्याची जागा झाली.

आणि कमळ. लोहाऱ्याच्या महादेवाचे नावच कमलेश्वर आहे. चिखलातून उगवून पाण्यावर अलिप्त राहणारे हे फूल बुद्धाचे आसन आहे, लक्ष्मीचे आहे, सूर्याच्या हातातले आहे आणि या शैलीच्या देवळांत सभामंडपाच्या छताकडे मान वर केली की तेथेही बहुधा तेच उमललेले असते. अजिंठ्याच्या छतांवर ते रंगात आहे, देवळांत दगडात. कोणी कोणाकडून घेतले, या वादात फारसे हशील नाही. तो दोघांचा समाईक वारसा आहे.

सगळेच असे समाईक नाही. उंबरठ्यावरचे डोळे वटारलेले कीर्तिमुख शैव कथेला चिकटून आहे. शिवाच्या क्रोधातून जन्मलेला भुकेला गण खायला काही न मिळाल्याने स्वतःचेच अंग खात गेला, फक्त मुख उरले आणि शिवाने त्याला आपल्या दाराशी कायमची जागा दिली. म्हणून ते ओलांडून आत जायचे, त्याच्यावर पाय द्यायचा नाही. दाराच्या माथ्यावर मधोमध असलेले ललाटबिंब पुष्कळदा गणपतीचे असते. काही देवळांत गाभारा सभामंडपापेक्षा खोल असतो आणि भाविक पायऱ्या उतरून अंधारात शिरतो. अभिषेकाचे पाणी प्रणालातून, अनेकदा मगरीच्या मुखातून, बाहेर पडते. हे सारे वाचायचे असते. पण ‘हेमाडपंती’ असे एकदा म्हटले की आपण वाचणे थांबवतो. काळ कोणता, कोणी बांधले, आधी येथे काय होते, हे प्रश्न त्या एका शब्दाखाली गाडले जातात. मग तेलरंग, सिमेंट आणि फरशा यांचा मार्ग मोकळा होतो, कारण ज्याची तारीख कोणी विचारत नाही त्याची काळजीही फारशी कोणी घेत नाही.

या भागात देवालयाशी मंत्र्याचे नाव न्याय्यपणे जोडता येईल असे उदाहरण आहे, पण ते हेमाद्रींचे नाही. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम, यवतमाळच्या शेजारचे. तेथील वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव. पाचव्या शतकात अजिंठ्याचे सोळावे लेणे आपण बौद्ध संघाला अर्पण केल्याचे त्याने तेथील लेखात नोंदवून ठेवले आहे. त्याच्या नावाची शैली कोणी काढली नाही.

हेमाद्रींच्या आयुष्याची दुसरी बाजू महानुभाव वाङ्मयात आहे आणि ती उजळ नाही. चक्रधरस्वामींचा प्रभाव याच काळात वाढत होता. त्यांचे गुरू गोविंदप्रभू यांचे स्थान अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे होते. व्रतवैकल्ये आणि देवतांची गर्दी नाकारणारा हा पंथ, तर त्या गर्दीचा कोश सिद्ध करणारा हा मंत्री. पैठणच्या पंडितसभेत चक्रधरांना दोषी ठरवले गेले, त्यामागे हेमाद्रींचा हात होता, असे महानुभाव परंपरा मानते. विरोधकांनी रेखाटलेले चित्र म्हणून ते जपूनच पाहायला हवे. परंतु मराठी गद्याचा आद्य ग्रंथ ‘लीळाचरित्र’ ज्या माणसांनी उभा केला त्यांना मंत्र्याची भीती वाटत होती, हेही विसरता येत नाही. पुढे आधुनिक काळात अनेक इतिहासकारांनी आणखी एक आरोप केला. उत्तरेकडून संकट येत असताना राज्याचा मुख्य कारभारी व्रते आणि दाने मोजत बसला, असा तो आरोप. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि राज्य हादरले, त्याचे खापर एका ग्रंथावर फोडणे सोपे असले तरी न्यायाचे नाही. उत्तरेतील ज्या राज्यांनी असा ग्रंथ लिहिला नव्हता, तीही टिकली नाहीत.

विद्वानांना मात्र हेमाद्रींचा मोठा आधार होता. ‘मुग्धबोध’ व्याकरणाचा कर्ता बोपदेव हा त्यांच्या आश्रयातला. वरदा म्हणजे वर्धा नदीकाठच्या सार्थ या गावचा, म्हणजे आपल्याच विदर्भाचा हा पंडित. त्याने भागवतावर ‘मुक्ताफल’ रचले आणि त्यावर हेमाद्रींनी ‘कैवल्यदीपिका’ ही टीका लिहिली. वर्धा नदी यवतमाळ जिल्ह्याची सीमा आहे. तिच्या पलीकडे भद्रावतीला विजासनची बौद्ध लेणी आहेत आणि अलीकडे कळंबचा चिंतामणी. हेमाद्रींच्या ग्रंथाचे नावही चिंतामणीच, हा अर्थात योगायोग.

रामचंद्र यादवाचा १३१० चा पुरुषोत्तमपुरीचा ताम्रपट पुरुषोत्तम या दुसऱ्याच मंत्र्याचा गौरव करतो. तोपर्यंत हेमाद्रींचे पर्व संपलेले होते. काही वर्षांतच यादवांचे राज्यही संपले. ‘चतुर्वर्गचिंतामणी’ कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने १८७३ पासून टप्प्याटप्प्याने छापला. व्रतखंडाच्या आरंभी असलेल्या राजप्रशस्तीमुळे यादवांची वंशावळ रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना मिळाली आणि १८८४ च्या त्यांच्या दख्खनच्या इतिहासात ती उतरली. व्रत, दान आणि परिशेष हे खंड मिळाले. ज्या खंडात क्षेत्रांचा आणि तेथील देवालयांचा विचार येणार होता तो तीर्थखंड, आणि त्याबरोबर मोक्षखंड, आजवर कोणाच्या हाती आलेले नाहीत.